बोस्टनच्या बालरुग्णालयातील हृदयभूल आणि तिचे शिक्षण

बोस्टन शहरात १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. त्याच शहरात १८६९ मध्ये वीस खाटांचे एक बालरुग्णालय उघडले. भूल होती, मुलांचे रुग्णालयही होते; तरी मुलाच्या हृदयाशेजारी सर्जनचा हात पोहोचायला १९३८ साल उजाडावे लागले. आज हे रुग्णालय ‘बोस्टन चिल्ड्रन्स’ या नावाने जगभर ओळखले जाते, आणि जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांना भूल कशी द्यावी याचे खास शिक्षण घ्यायला तरुण डॉक्टर तिथे जातात. संस्थांचे इतिहास सहसा इमारती, देणग्या आणि विभागप्रमुख यांच्या क्रमाने लिहिले जातात. तो क्रम मी इथे बाजूला ठेवला आहे. भूल देणाऱ्याच्या हातात मुरलेले शहाणपण दुसऱ्याला शिकवता येण्याजोगे कधी झाले आणि कशामुळे झाले, हे मला शोधायचे आहे. माझे म्हणणे असे की बालहृदयभूल ही ‘मुलांची भूल’ आणि ‘हृदयाची भूल’ या दोन विद्यांची बेरीज करून तयार झालेली नाही. एकाच जागी, त्याच प्रकारच्या मुलांपाशी वर्षानुवर्षे थांबून, आणि आपण जे केले ते पुन्हापुन्हा मोजून पाहून ती तयार झाली. म्हणून तिचे शिक्षणही त्याच रीतीने द्यावे लागते. दुसरी जवळची वाट नाही.

२६ ऑगस्ट १९३८ रोजी या रुग्णालयात रॉबर्ट ग्रॉस या तरुण सर्जनने सात वर्षांच्या एका मुलीची उघडी राहिलेली धमनीनलिका बांधली. गर्भात असताना ही नलिका फुप्फुसांकडे जाणारे रक्त महाधमनीकडे वळवते आणि जन्मानंतर थोड्याच दिवसांत आपोआप बंद होते. ती उघडी राहिली तर महाधमनीतले रक्त उलट फुप्फुसांत शिरत राहते आणि हृदय दमत जाते. विभागप्रमुख विल्यम लॅड त्या वेळी सुटीवर होते. ग्रॉस यांचे नाव वैद्यकाच्या प्रत्येक इतिहासात आहे, आणि ते योग्यच आहे. टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला कोण बसले होते हे मात्र फार थोड्या जणांना ठाऊक असते. तिथे बेटी लँक होत्या. त्या डॉक्टर नव्हत्या, भूल देणाऱ्या परिचारिका होत्या, आणि पुढे १९६९ पर्यंत त्या याच रुग्णालयात काम करत राहिल्या. त्यांनी सायक्लोप्रोपेन हा वायू घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दिला. श्वासनलिकेत नळी घातलेली नव्हती, शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोयही नव्हती. छाती उघडली की फुप्फुस मिटते. फासळ्यांमधला शेवटचा टाका घालण्यापूर्वी वायूच्या दाबाने ते पुन्हा फुलवायचे होते, आणि ते लँक यांनी केले. मुलगी बरी होऊन घरी गेली.

इथेच पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो खुद्द या संस्थेच्या इतिहासातून येतो. लँक यांनी कोणती फेलोशिप केली होती? मुलाच्या हृदयाजवळची या रुग्णालयातली पहिली भूल जर कुठल्याही विशेष अभ्यासक्रमाविना इतकी सुखरूप पार पडली, तर आजची वर्षानुवर्षांची प्रशिक्षणे कशासाठी? आक्षेप वजनदार आहे, पण तो त्या मुलीच्या हृदयाकडे नीट पाहत नाही. तिची गाठ एका जादा नलिकेशी होती, आणि ती नलिका हृदयाच्या बाहेर होती. हृदयाचे कप्पे, झडपा, पडदे जागच्या जागी होते. नलिका बांधली त्या क्षणी तिचे रक्ताभिसरण आपल्या सर्वांसारखे झाले. जिथे हृदयाची रचनाच वेगळी आहे अशा मुलांवर हात घातल्यावर काय होते, याचे उत्तर सहा वर्षांनी बाल्टिमोरमध्ये मिळाले. जॉन्स हॉपकिन्समध्ये नोव्हेंबर १९४४ पासून आल्फ्रेड ब्लॅलॉक, हेलन टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांनी आखलेली ‘निळ्या बाळांची’, म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी असल्याने निळसर दिसणाऱ्या बाळांची, शस्त्रक्रिया सुरू झाली. त्या बाळांना भूल देणारे मेरेल हार्मेल आणि ऑस्टिन लॅमोंट यांनी १९४६ मध्ये पहिल्या शंभर रुग्णांचा अहवाल छापला आणि त्यात भुलीशी संबंधित दहा मृत्यू नोंदवले. ते हुशार होते, काळजी घेणारेही होते. आपल्या हातून काय घडले हे त्यांनी न लपवता मांडले, यातच त्यांचा मोठेपणा दिसतो. पण निळ्या बाळाच्या शरीरात भूल कशी वागते, याचे ज्ञान तेव्हा कुणापाशीच नव्हते. लँक यांचा कुशल हात तेवढ्याने त्या बाळांना वाचवू शकला असता, असे म्हणायला आधार नाही.

बोस्टनमध्ये १९४६ मध्ये रॉबर्ट स्मिथ हे भूल विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी केलेले काम आज इतके साधे वाटते की ते कुणी तरी पहिल्यांदा केले असेल असे मनातच येत नाही. लहान मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोप चिकटवून ठेवायचा, त्याची नळी आपल्या कानात अडकवायची, आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत ती काढायची नाही. प्रत्येक ठोका आणि प्रत्येक श्वास ऐकत राहायचे. मुलाच्या दंडाला बसेल असा रक्तदाबाचा लहान पट्टा आणि तापमान मोजायची सोय, हेही त्यांनी आग्रहाने रुजवले. मुलाचा जीव काही मिनिटांत ढासळतो, आणि ते ढासळणे आधी आवाजात कळते, रंगात नंतर दिसते, हे त्यांच्या पद्धतीमागचे मर्म होते. १९५९ मध्ये त्यांचे अर्भकांच्या आणि मुलांच्या भुलीवरचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या नव्या आवृत्त्या त्यांच्याच नावाने पुढे निघत राहिल्या. लँक यांच्यापाशी जे बोटांत होते, ते स्मिथ यांनी कानांत आणि कागदावर आणले. शिक्षणाच्या दृष्टीने ही मोठी उडी होती, कारण बोटांतले ज्ञान शेजारी बसलेल्या एकाच शिकाऊला मिळते आणि कागदावरचे ज्ञान कोलकात्यालाही पोहोचते. तरीही स्मिथ यांच्या काळातला हृदयरुग्ण बहुधा थोडे मोठे झालेले मूल असे. नवजात बाळाचे हृदय उघडून तिथल्या तिथे दुरुस्त करणे अजून दूर होते.

ते अंतर १९७२ मध्ये आल्दो कास्तानेदा मिनेसोटाहून बोस्टनला आल्यावर झपाट्याने कमी झाले. इटलीत जन्मलेले आणि ग्वाटेमालात वैद्यक शिकलेले हे सर्जन एका मतावर ठाम होते: बाळ मोठे होईपर्यंत तात्पुरत्या उपायांवर ठेवू नये, शक्य तितक्या लवकर हृदय पूर्ण दुरुस्त करावे, म्हणजे फुप्फुसे आणि मेंदू बिघडलेल्या रक्ताभिसरणावर वाढत बसणार नाहीत. त्यासाठी बाळाचे शरीर सुमारे १८ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून रक्तप्रवाह काही काळ पूर्ण थांबवण्याची पद्धत वापरली जाऊ लागली. उलट्या जागी निघालेल्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल करण्याची शस्त्रक्रिया १९७५ मध्ये साओ पाउलोला अदिब जातेने यांनी यशस्वी केली होती. बोस्टनमध्ये १९८३ पासून ती नवजात बाळांवर होऊ लागली. हृदयाची डावी बाजू जवळजवळ तयारच न झालेल्या बाळांसाठी विल्यम नॉरवूड यांनी टप्प्याटप्प्यांची शस्त्रक्रिया याच रुग्णालयात घडवली. शल्यशास्त्राच्या इतिहासात या दहा-बारा वर्षांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काय बदलले याकडे तेवढे लक्ष गेलेले नाही. आता समोर तीन किलोचे बाळ होते. किलोमागे साधारण ८५ मिलिलिटर धरले तर त्याच्या अंगात एकूण अडीचशे मिलिलिटर रक्त, म्हणजे एक पेला. त्या काळच्या हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या भरायलाच त्याहून जास्त द्रव लागे. त्यामुळे यंत्र सुरू होताच बाळाचे रक्त पातळ होई, गोठण्याचे घटक विरळ होत, आणि प्रत्येक औषधाची मात्रा नव्याने जुळवावी लागे.

बेरजेच्या कल्पनेतली चूक इथे स्पष्ट होते. प्रौढांच्या हृदयाची भूल जाणणाऱ्या डॉक्टराला यंत्र, रक्त गोठू न देणारे हेपरिन, त्याचा उतारा प्रोटामिन, अन्ननलिकेतून करायची इको, सगळे येते. मुलांची भूल जाणणाऱ्याला छोट्या श्वासनलिका, बारीक शिरा, मात्रांची गणिते येतात. दोघे शेजारी उभे केले तर काम भागेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ऑक्सिजनचेच उदाहरण घ्या. प्रौढाच्या रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण ८० टक्क्यांवर आले तर ती आणीबाणी असते आणि ऑक्सिजन वाढवणे हे पहिले काम. नॉरवूड यांच्या पहिल्या टप्प्यानंतरच्या बाळात एकच कप्पा शरीराकडे आणि फुप्फुसांकडे अशा दोन्ही बाजूंना रक्त ढकलत असतो. तिथे ७५ ते ८५ टक्के हा अपेक्षित आकडा असतो. तो ९५ झाला की अनुभव नसलेल्या माणसाला आनंद होतो. शिकलेल्याच्या पोटात गोळा येतो. कारण ऑक्सिजनने फुप्फुसांच्या वाहिन्या सैल होतात, रक्त तिकडे धावते, आणि आतडी, मूत्रपिंडे, खुद्द हृदयाच्या धमन्या उपाशी राहतात. त्या बाळाला ऑक्सिजन देणे म्हणजे एक औषध देणे आहे आणि त्याची जास्त मात्रा घातक ठरते. शेजारच्या खाटेवर फॅलोटच्या चौदोषाचे बाळ असेल तर सगळे उलट. ते रडता रडता एकाएकी काळेनिळे पडते, कारण फुप्फुसांकडे जाणारी वाट आकसते आणि निळे रक्त तसेच शरीरात जाते. तिथे गुडघे पोटाशी घ्यायचे, द्रव द्यायचा, फिनाइलेफ्रिनने शरीराकडचा विरोध वाढवायचा, म्हणजे रक्ताला फुप्फुसांची वाट धरावी लागते. एकाच सकाळी, एकाच विभागात, एकाच औषधाने एक मूल वाचते आणि दुसरे दगावते. हा विवेक प्रौढांच्या हृदयभुलीत शिकायला मिळत नाही, कारण तिथे असा रुग्णच सहसा नसतो. सर्वसाधारण बालभुलीतही मिळत नाही, कारण तिथे असे मूल वर्षातून एखादे येते. शिरेतल्या नळीत राहिलेला हवेचा बुडबुडा ही गोष्ट तर आणखी लहान. इतरांच्या बाबतीत तो फुप्फुसांत गाळला जातो. हृदयाच्या पडद्याला भोक असलेल्या बाळात तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. प्रत्येक सिरिंज उजेडात धरून बघायची सवय नियमावली वाचून लागत नाही. असे शेकडो दिवस काढल्यावर ती लागते.

केवळ सवय म्हणजे विद्या नव्हे, हेही बोस्टनच्या इतिहासानेच दाखवले. १९८० च्या दशकात पॉल हिकी आणि डॉली हॅन्सन यांनी एक साधा प्रश्न मोजायला घेतला. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या अर्भकाची श्वासनलिका साफ करायला नळी घातली की त्याच्या फुप्फुसांतला दाब एकदम चढतो आणि कधी कधी हृदयच थांबते. आधी फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक दिले तर हे टळते का? १९८५ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तो चढ बोथट होतो. याचा अर्थ असा की वेदना आणि ताण ही बाळाच्या बाबतीत फक्त दयेची बाब नव्हती, ती रक्ताभिसरणाची बाब होती. त्या काळी नवजात बाळांना पुरेशी भूल द्यावी का यावर जगभर मतभेद होते. त्यांना वेदना नीट कळत नाहीत, आणि औषधांचा भार त्यांचे हृदय सोसणार नाही, अशी समजूत खोल रुजलेली होती. ही समजूत हलवणाऱ्यांत कंवलजीत आनंद हे पुढे होते. त्यांचे वैद्यकीय शिक्षण इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती महाविद्यालयातले, आणि इंदूर मराठी वाचकाला परके नाही. ऑक्सफर्डला अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर त्यांनी केलेला अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे बोस्टनला हिकी यांच्यासोबत त्यांनी हृदयशस्त्रक्रियेच्या ४५ नवजात बाळांचा अभ्यास केला, तो जानेवारी १९९२ मध्ये छापून आला. ३० बाळांना सुफेंटॅनिलची भरपूर मात्रा देण्यात आली होती, १५ बाळांना हॅलोथेन आणि मॉर्फिन. पहिल्या गटात एकही मृत्यू झाला नाही. दुसऱ्या गटात चार झाले.

मुलांचे जीव वाचले ते सर्जनांमुळे, यंत्रांमुळे, आणि ज्यांचे रक्ताभिसरण धमनीनलिकेवरच अवलंबून असते अशा बाळांत १९७५ नंतर प्रोस्टाग्लँडिन या औषधाने ती उघडी ठेवता येऊ लागल्यामुळे. भूलतज्ज्ञाने त्या श्रेयात वाटा का मागावा, असे विचारणाऱ्यांना हा अभ्यास समोर ठेवावा लागतो. रुग्णालय तेच, सर्जन तेच, यंत्र तेच. बदलली होती फक्त भूल. अर्थात, ४५ बाळांवरून सगळे ठरवू नये, हे म्हणणे खरे आहे, आणि ते सर्वांत स्पष्टपणे म्हटले ते याच रुग्णालयाने. २००१ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी पुन्हा ४५ अर्भकांवर फेंटॅनिलच्या वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या. मोठ्या मात्रा देऊनही ताणाची रासायनिक प्रतिक्रिया पूर्ण दबत नाही, आणि तरी बाळांचे परिणाम वाईट नव्हते, असे त्यांना आढळले. दहा वर्षांपूर्वीच्या आपल्याच ठाम शिकवणीला त्यांनी मुरड घातली. माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे पान आहे, १९३८ च्या पानापेक्षाही. शिकाऊ डॉक्टर एखाद्या मोठ्या केंद्रात जातो तेव्हा तिथली पद्धत उचलतो. इथे त्याला पद्धतीसोबत तिच्यावर शंका घ्यायची रीतही मिळते. ती रीत नसेल तर प्रशिक्षण म्हणजे एका गुरूच्या सवयींची नक्कल उरते.

याच वृत्तीने त्यांनी शस्त्रक्रियागृहाबाहेरही पाहिले. धमन्यांच्या अदलाबदलीची शस्त्रक्रिया होणाऱ्या १७१ बाळांचा एक मोठा अभ्यास १९८८ मध्ये सुरू झाला. त्यांच्यापैकी काहींचा रक्तप्रवाह थंडीत पूर्ण थांबवला होता, काहींचा कमी वेगाने चालू ठेवला होता. हृदयरोगतज्ज्ञ जेन न्यूबर्गर यांच्या पुढाकाराने ही मुले एका वर्षाची, चार वर्षांची, आठ वर्षांची, पुढे सोळा वर्षांची होईपर्यंत तपासली गेली. पूर्ण थांबवलेल्या गटात सुरुवातीला झटक्यांचा आणि हालचालींच्या विकासातल्या उणिवांचा धोका जास्त दिसला. भुलीचा हिशेब टेबलावरून बाळ जिवंत उतरले की संपतो, ही समजूत त्यानंतर टिकू शकली नाही. रक्ताचा आम्ल-अल्कली तोल कसा राखावा, रक्त किती पातळ चालेल, अशा प्रश्नांवरही या रुग्णालयात स्वतंत्र अभ्यास झाले. मोजणे सोडून दिले तर काय होते याचे वेदनादायक उदाहरण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे आहे. तिथे बालहृदयशस्त्रक्रियेतले मृत्यू जास्त आहेत हे स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाने आकडे गोळा करून दाखवले. इयान केनेडी यांच्या चौकशीने २००१ मध्ये निष्कर्ष काढला की १९९१ ते १९९५ या काळात अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ मुले जास्त दगावली. बोल्सिन हे त्या मुलांपाशी दररोज बसणारे डॉक्टर होते. दिसले ते त्यांना दिसले आणि त्यांनी ते लिहून काढले. म्हणून प्रशिक्षणात नळ्या घालण्याइतकेच परिणामांची नोंद ठेवणे शिकवले पाहिजे, असे मला वाटते.

औपचारिक शिक्षणाची चौकट मात्र बरीच उशिरा आली. अमेरिकेत मुलांच्या भुलीच्या फेलोशिपला अधिकृत मान्यता मिळायला १९९७ उजाडले. बालहृदयभूल तोवर दोन वाटांनी शिकली जाई: कुणी मुलांच्या भुलीकडून येई, कुणी प्रौढांच्या हृदयभुलीकडून, आणि मोठ्या केंद्रात काही महिने घालवून परते. किती महिने, किती रुग्ण, काय आल्यावर ‘आले’ म्हणायचे, हे जागोजागी वेगळे. २००५ मध्ये जन्मजात हृदयदोषांच्या भूलतज्ज्ञांची अमेरिकी संघटना स्थापन झाली. २०१० मध्ये बोस्टनचे जेम्स डिनार्डो यांनी डीन अँड्रोपोलस आणि व्हिक्टर बॉम यांच्यासोबत प्रशिक्षणाचा एक आराखडा मांडला, आणि २०१८ मध्ये बोस्टनच्याच व्हिव्हियन नासर आणि सहकाऱ्यांनी संघटनेच्या वतीने शिकाऊ डॉक्टराच्या प्रगतीचे टप्पे शब्दबद्ध केले. आराखड्यांची भाषा रुक्ष असते, पण त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. शिकाऊने नवजात बाळ, एक-कप्पी हृदयाचे मूल आणि लहानपणी शस्त्रक्रिया होऊन मोठा झालेला माणूस, हे तिन्ही पाहिले पाहिजेत. त्याने कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हृदयात नळी सारून तपासणी-उपचार करायच्या कक्षात, भूल दिली पाहिजे, इको वाचली पाहिजे, आणि हृदयाच्या अतिदक्षता विभागात राहिले पाहिजे. बोस्टनमध्ये हा शेवटचा धागा जुना आहे. पीटर लॉसेन हे मुळात भूलतज्ज्ञ, आणि त्यांनी तिथला हृदय-अतिदक्षता विभाग चालवला. दुपारी आपण टेबलावर घेतलेल्या निर्णयाचे फळ रात्री खाटेवर पाहायला मिळाले, की शिकाऊच्या मनात ते कायमचे बसते.

एवढे बारीक विशेषीकरण वैद्यकाला तुकड्यांत वाटते, असा आक्षेप अनेक ज्येष्ठ डॉक्टर घेतात. आजचा भूलतज्ज्ञ एकाच अवयवाचा झाला तर रात्री अपघातात सापडलेल्या माणसाला भूल कोण देणार, हा त्यांचा प्रश्न मी हलका समजत नाही. पण उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या भुलीतील हृदय बंद पडण्याच्या घटनांची नोंदवही पाहिली तर चित्र वेगळे दिसते. १९९४ ते २००५ या काळात भुलीशी संबंधित अशा ३७३ घटना तिथे नोंदल्या गेल्या. त्यांपैकी १२७, म्हणजे ३४ टक्के, हृदयविकार असलेल्या मुलांच्या होत्या. हृदयविकार असलेल्यांमध्ये ३३ टक्के मुले दगावली; इतरांमध्ये २३ टक्के. आणि या घटना घडल्या कुठे? सर्वांत जास्त, ५४ टक्के, सर्वसाधारण शस्त्रक्रियागृहात. हृदयाच्या शस्त्रक्रियागृहात २६ टक्के आणि कॅथ लॅबमध्ये १७ टक्के. धोका त्या मुलाच्या शरीरात होता, आणि ते मूल हर्नियासाठी, दातासाठी, तपासणीसाठी दुसऱ्याच कुणाच्या हाती गेलेले होते. तुकडे पडतात ते विशेषज्ञ तयार झाल्याने पडत नाहीत. विशेषज्ञाचे ज्ञान हृदयाच्या शस्त्रक्रियागृहाच्या दारात अडून राहिले की पडतात. म्हणून या प्रशिक्षणाचा अर्धा भाग तरी इतर भूलतज्ज्ञांना शिकवण्याचे शिक्षण असला पाहिजे. आराखड्यांत या बाजूला पुरेसे स्थान मिळाले आहे असे मला वाटत नाही.

शेवटचा आक्षेप आपल्या घरचा आहे. ज्या देशात ग्रामीण रुग्णालयात साधा भूलतज्ज्ञ मिळत नाही, तिथे बोस्टनची गोष्ट सांगून काय उपयोग? भारतात दरवर्षी जन्मजात हृदयदोष असलेली दोन लाखांहून अधिक मुले जन्मतात, आणि त्यांतल्या सुमारे पाचव्या भागाला पहिल्याच वर्षात उपचार लागतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करून ज्या दोषांना शोधायचे, त्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे. म्हणजे मूल सापडू लागले आहे. सापडलेल्या मुलाला भूल देणारा हात हवा, आणि तो हात दिल्लीच्या एम्समध्ये किंवा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हृदयभूलशास्त्राच्या डीएम अभ्यासक्रमातून तयार होतो. त्या अभ्यासक्रमात मुले आणि प्रौढ दोन्ही येतात. ही रचना आपल्या गरजेला धरून आहे. अमेरिकेची वेगळी पायरी जशीच्या तशी उचलायचा आग्रह मी धरणार नाही. पण जे केंद्र हृदयभूल शिकवते तिथे नवजात बाळांच्या पुरेशा शस्त्रक्रिया होतात का, आणि शिकाऊ त्यांच्यापाशी सलग राहतो का, हे विचारलेच पाहिजे. पैसा नाही म्हणून मोजमाप करता येत नाही, हेही खरे नाही. बोस्टनमधूनच सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय गुणवत्ता-सुधार उपक्रमात विकसनशील देशांतली, त्यांत भारतातलीही, रुग्णालये आपापले आकडे एकत्र ठेवतात. १७ देशांतल्या २८ केंद्रांनी २०१० ते २०१२ या तीन वर्षांत पंधरा हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची नोंद केली, आणि सुरुवातीच्या वर्षाच्या तुलनेत मृत्यूंचे प्रमाण उतरले. जादा यंत्रांची गरज पडली नाही. हात धुणे, शस्त्रक्रियेपूर्वीची उजळणी, परिचारिकेला बोलायची मुभा, अशा गोष्टींवर भर होता. बेटी लँक यांच्या रुग्णालयातून परिचारिकेला बोलायची मुभा द्यायला शिकवले जावे, हे मला समाधानाचे वाटते. कास्तानेदा स्वतः बोस्टनमधून निवृत्त झाल्यावर ग्वाटेमालाला परतले आणि तिथे मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेचे केंद्र उभारण्यात त्यांनी उरलेली वर्षे घालवली. २०२१ मध्ये ते तिथेच वारले.

आपल्याकडे हे काम फार लहान जागेतूनही सुरू करता येईल. मुंबई, पुणे किंवा बंगळुरूला शस्त्रक्रिया होऊन घरी निघालेल्या मुलाच्या घरच्यांना डिस्चार्ज कार्ड मिळते, ते इंग्रजीत असते आणि त्यावर शस्त्रक्रियेचे नाव असते. पाच वर्षांनी तेच मूल तालुक्याच्या रुग्णालयात हर्नियासाठी टेबलावर येते तेव्हा तिथल्या भूलतज्ज्ञाला त्या नावापेक्षा तीन गोष्टी कळायला हव्या असतात: या मुलाचा नेहमीचा ऑक्सिजनचा आकडा किती, फुप्फुसांकडे रक्त कुठल्या वाटेने जाते, आणि शिरेतल्या नळीत बुडबुडा चालेल की नाही. हृदयभूल शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टराने मूल घरी जाताना त्या कार्डावर मराठीत या तीन ओळी लिहाव्यात, खाली आपली सही करावी आणि रात्री-अपरात्री लागेल असा विभागाचा फोन नंबर द्यावा.